भिंतीला टेकून आठ मिनिटं, आणि बीपीची गोळी

सध्या आमच्या फॅमिली ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर (तिथे तर सगळेच पन्नाशीला टेकलेले, त्यामुळे तब्येत सोडून विषयच नसतो) एकच मेसेज फिरतोय. भिंतीला पाठ टेकवा, हवेत खुर्ची असल्यासारखं बसा, आठ मिनिटं करा, बीपी आपोआप खाली, गोळ्यांना कायमचा रामराम. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘दहा जणांना पाठवा’. एरवी असले मेसेज मी उघडतही नाही, पण ह्यातला अर्धा भाग खरा आहे आणि तोच वैताग आहे, साफ खोटं असतं तर दोन ओळींत उडवून लावलं असतं. मी स्वतः टेलमिसार्टनवर आहे, आई ॲम्लोडिपिनवर (दोन्ही बीपीच्याच गोळ्या), आणि हा भिंतीचा प्रकार मी बऱ्यापैकी नेमाने करतो, त्यामुळे ग्रुपवर तुकड्यातुकड्यांत भांडण्यापेक्षा इथे एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी खरा अर्धा भाग. जुलै २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ह्या नियतकालिकात इंग्लंडच्या कँटरबरी ख्राइस्ट चर्च युनिव्हर्सिटीतल्या लोकांचा एक मोठा पेपर आला. त्यांनी नवीन प्रयोग केला नव्हता, १९९० पासून झालेल्या २७० चाचण्या एकत्र करून, जवळपास १५,८०० माणसांच्या आकड्यांवरून कुठल्या व्यायामाने बसल्याजागचं बीपी किती उतरतं हे मांडलं. चालणं, पळणं, सायकल ह्या एरोबिक प्रकारांनी वरचं बीपी सरासरी साडेचार पॉइंट उतरलं. वजनं उचलण्यानेही तेवढंच. दोन्ही मिळून केलं तर सहा. मधे मधे जोर लावून करायचा तो हाय इंटेन्सिटीवाला प्रकार, ज्याचं जिमवाल्यांना फार कौतुक, तो चारवर. आणि आयसोमेट्रिक, म्हणजे स्नायू ताणून धरायचा आणि जागचं हलायचं नाही, त्याने वरचं सव्वाआठ आणि खालचं चार. त्यातही वरच्या बीपीसाठी भिंतीला टेकून बसणं पहिल्या नंबरावर. ही बातमी जगभर छापून आली आणि तिथूनच घरंगळत आपल्या ग्रुपवर पोचली, वाटेत ‘गोळ्या सोडा’ कोणी जोडलं देव जाणे.

मजा अशी की हा शोध बीपीवाल्यांसाठी लागलाच नव्हता. लढाऊ विमान जोरात वळलं की वैमानिकाच्या डोक्यातलं रक्त पायांकडे खेचलं जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि कधी कधी शुद्धच जाते, म्हणून त्या क्षणी बीपी मुद्दाम वर ढकलायचं कसं हा अमेरिकन हवाई दलाचा प्रश्न होता. ओहायोमधल्या मायामी युनिव्हर्सिटीचे (हो, मायामी नावाची युनिव्हर्सिटी ओहायोत आहे, समुद्रकिनारा वगैरे काही नाही तिथे) रोनाल्ड वाईली ह्यावर काम करत होते. हातात काहीतरी घट्ट दाबून धरलं की बीपी वर जातं हे तर माहीतच होतं. पण असं दाबायचा सराव करणाऱ्यांचं एरवीचं, आरामात बसलेलं बीपी हळूहळू खाली येतंय हे लक्षात आलं आणि सगळी गाडी त्या रुळावर गेली. १९९२ मध्ये त्यांचा पेपर आला. आपल्या पूर्ण ताकदीच्या ३० टक्के जोराने दोन मिनिटं दाबायचं, मग थांबायचं, असं चारदा, आठवड्यातून तीन वेळा. आज जगभर जो चार गुणिले दोन मिनिटांचा हिशोब सांगतात तो त्याच वळणाचा.

म्हणजे करताना बीपी वाढवणारा व्यायाम एरवीचं बीपी कमी करतो. हे पहिल्यांदा ऐकल्यावर कोणालाही उलटंच वाटणार. स्नायू आकसून धरला की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं, स्नायू ओरडायला लागतो, आणि शरीर त्यावर उपाय म्हणून हृदयाला जोर लावायला सांगतं. दोन मिनिटांनी सोडलं की अडवलेलं रक्त एकदम धावत येतं, त्या धावण्याने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिन्या सैल पडतात. आठवडेच्या आठवडे हेच झालं की त्या सैल पडायला शिकतात आणि त्यांना आवळून धरणारी मज्जासंस्थाही जरा नरमते, असं साधारण स्पष्टीकरण देतात.

पण ‘करताना वाढतं’ हा भाग हसण्यावारी नेऊ नका. १९८५ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या लोकांनी बॉडीबिल्डर मंडळींच्या धमनीत सुई ठेवून, ते दोन्ही पायांनी भरभक्कम वजन ढकलत असताना बीपी मोजलं, तर सरासरीच ३२०/२५० आणि एका पठ्ठ्याचं ४८०/३५०! ते तरुण आणि धडधाकट होते म्हणून निभावलं. एवढं वर जायला जड वजन तर कारणीभूत होतंच, पण श्वास कोंडून जोर लावणं हेही होतं. आपण गच्च झाकण उघडताना करतो ना, तोंड मिटून, गाल फुगवून, तेच. त्यामुळे मला कोणी विचारलं की भिंतीला टेकून बसताना काय सांभाळायचं तर मी कोनाबिनाच्या आधी श्वास सांगतो. तोंड उघडं, श्वास चालू. आई तर हातात दाबायची ग्रिप धरून (ती भिंतीऐवजी हाच व्यायाम करते, त्याचं पुढे सांगतो) सरळ मोठ्याने स्तोत्र म्हणते, कारण म्हणता म्हणता श्वास कोंडताच येत नाही, आणि दोन मिनिटं कधी झाली ते बघायला घड्याळही लागत नाही. ही तिची स्वतःची आयडिया, कुठल्या डॉक्टरने सांगितलेली नाही, आणि मला ती फार भारी वाटते.

आता भिंत. आमच्या हॉलच्या भिंतीला ऑइलपेंट आहे, त्यावर टीशर्ट सुळकन घसरतो त्यामुळे तिथे पाहिजे तिथे थांबता येतं, बेडरूमच्या डिस्टेंपरवर पाठ चिकटते आणि कपड्याला पांढरं लागतं. पाय भिंतीपासून दीडदोन पावलं पुढे, खांद्याएवढं अंतर, अनवाणी, कारण मोजे घातले तर टाइल्सवरून पाय पुढे सरकतात आणि माणूस सरळ खाली. हात मांडीवर दाबायचे नाहीत, बाजूला सोडायचे. मग पाठ खाली सरकवत जायची. सगळ्या फोटोंमध्ये ती फिटनेसवाली मुलगी बरोब्बर काटकोनात बसलेली असते आणि लोक तेच बघून पहिल्याच दिवशी तिथवर जातात, मग वीस सेकंदांत ‘हे आपलं काम नाही’ म्हणून उठतात. ज्या चाचण्यांवर हे सगळं उभं आहे तिथे असं करत नाहीत. तिथे आधी प्रत्येकाची परीक्षा घेतात, गुडघ्याचा कोन १३५ अंशांपासून सुरू करून दर दोन मिनिटांनी १०-१० अंशांनी कमी करत ९५ पर्यंत नेतात, त्यात हृदयाचे ठोके बघतात आणि त्यावरून ज्याचा त्याचा कोन ठरवतात. घरी आपल्याकडे ते कोनमापक आणि छातीचा पट्टा नसतो, पण तत्त्व तेच ठेवायचं. जिथे दोन मिनिटं पूर्ण होतात पण शेवटची वीसतीस सेकंद जड जातात, तो तुमचा कोन. चौथा राउंड पहिल्यापेक्षा अवघड गेलाच पाहिजे. न गेला तर थोडं आणखी खाली.

पहिला अर्धा मिनिट तर काहीच वाटत नाही, उगाच उभं राहिल्यासारखं. मिनिटभराने गुडघ्याच्या वर मांडीत एक गरम पट्टा जाणवायला लागतो. दीड मिनिटाला मांड्या थरथरतात, अगदी दिसेल अशा, माझी मुलगी समोर बसून हसते. आणि ह्याच वेळी आपोआप दात आवळले जातात आणि श्वास अडतो, म्हणून मी मुद्दाम तेव्हा तिच्याशी बोलतो, काहीही, डब्यात काय होतं, सर काय म्हणाले. वाक्य तुटकं येतंय पण येतंय, तर ठीक. वाक्यच येत नसेल तर कोन जास्त झालाय, वर सरका. मग दोन मिनिटं आराम, तेव्हा खाली बसायचं नाही, घरातल्या घरात फिरायचं, नाहीतर उठताना चक्कर आल्यासारखं होतं. असे चार राउंड. म्हणजे मेसेजमध्ये ‘आठ मिनिटं’ लिहितात ते नुसतं बसण्याचं, आराम धरून चौदा मिनिटं जातात. आणि रोज नाही, आठवड्यातून तीनदा, एक दिवस आड.

ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना भिंतीचं सांगूच नका. आईच्या दोन्ही गुडघ्यांची वाटी घासलेली आहे, ती म्हणाली, “अरे मला कमोडवरून उठताना कठडा लागतो आणि तू मला हवेत बसवतोस?” तर तिच्यासाठी हाताची ग्रिप. इथे एक घोळ नेहमी होतो. शंभर-दीडशे रुपयांचा तो स्प्रिंगवाला हँडग्रिप आणतात आणि टीव्ही बघत कचाकच उघडझाप करत बसतात. त्याने पंजा मजबूत होईल कदाचित, पण हा तो व्यायाम नव्हे. इथे एकाच जोराने धरून ठेवायचंय, आणि तेही पूर्ण ताकदीने नाही, ३० टक्क्यांनी. स्प्रिंगला तुमचे ३० टक्के काय माहीत! जोराचा आकडा दाखवणारं डिजिटल यंत्र मिळतं, ते घेतलं तर काम सोपं. आईने सगळा जोर लावून दाबलं तर १८ किलोच्या आसपास आकडा येतो, म्हणजे तिने साडेपाच किलोवर धरायचं. ऐकायला किती कमी वाटतं, पण दोन मिनिटं तो आकडा तिथेच ठेवायचा म्हणजे दुसऱ्या मिनिटाला बोटं पांढरी पडतात. एक हात, मग थांबा, मग दुसरा हात, असं करून चार. बसूनच होतं, साडी सावरायची भानगड नाही, आणि ह्या प्रकारावरचा अभ्यास तर भिंतीपेक्षाही जुना. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये औषधाव्यतिरिक्तच्या उपायांत ह्याला जागा दिली, आणि २०१७ च्या अमेरिकन गाइडलाइनमध्येही तो आहे. फक्त तिथे बीपी असलेल्यांसाठी फायदा साधारण ५ पॉइंटांचा धरलाय, सव्वाआठचा नाही.

आणि इथून पुढचं मला खरं सांगायचंय. पाच म्हणा, आठ म्हणा, हा फरक तुम्हाला *दिसणार नाही*. म्हणजे आज भिंतीला टेकलात आणि उद्या मशीन लावलंत तर दिसणार नाही. कारण तुमचं बीपी एका दिवसातच ह्याच्या दुप्पट वरखाली होत असतं. कल्याण-सीएसटी फास्टमधून उभ्याने आल्यावर मोजा आणि रविवारी दुपारी जेवून आडवं व्हायच्या आधी मोजा, वीस पॉइंटांचा फरक पडला तरी नवल नाही. लघवी लागलेली असताना मोजलं तर वाढतं, मोजताना बोललात तर वाढतं, पायावर पाय टाकून बसलात तर वाढतं, दंड लोंबकळत ठेवलात तर वाढतं, जाड दंडाला लहान पट्टा लावलात तर वाढतं. दवाखान्यात तर डॉक्टर दिसले तरी वाढतं, म्हणून घरी १३५/८५ ही मर्यादा धरतात आणि दवाखान्यात १४०/९०. एवढ्या गोंधळात आठ पॉइंट शोधायचे असतील तर एका रीडिंगवर भरवसा ठेवून चालत नाही. आणि लोक नेमकं तेच करतात. आठवडाभर भिंतीला टेकतात, एकदा मोजतात, १४८ आलं की ‘बकवास आहे सगळं’, १२६ आलं की ‘बघा, मी सांगत होतो’, आणि दोन्ही वेळा आकडा खोटाच.

त्यामुळे सुरू करायच्या आधी एक आठवडा मोजा. दंडाचं मशीन, मनगटाचं नको. सकाळी गोळी आणि चहाच्या आधी, बाथरूमला जाऊन आल्यावर, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, दंड टेबलावर छातीच्या पातळीला, पाच मिनिटं गप्प बसून, मोबाइल बाजूला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा. संध्याकाळी परत तसंच दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे फेकून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा, ती तुमची सुरुवात. मग दोन-अडीच महिने व्यायाम, कारण चाचण्याही साधारण तेवढ्याच चालतात, आणि मग परत तसाच एक आठवडा मोजा. सरासरीशी सरासरी लावा. व्यायाम करून उठल्याउठल्या मोजू नका, तो आकडा काहीच सांगत नाही. आमच्याकडे हे सगळं गॅसच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलने लिहिलेलं असतं आणि तेच कॅलेंडरचं पान फाडून डॉक्टरांकडे न्यायचं. ते ॲपच्या ग्राफपेक्षा तेच आवडीने बघतात.

माझा स्वतःचा फरक सांगू? सरासरीत सहाच्या आसपास. मेसेजमधल्या ‘गोळ्यांना रामराम’शी तुलना केली तर फुसका वाटेल. पण औषधांच्या मोठमोठ्या चाचण्या एकत्र करून २०२१ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात जे आलं त्यात वरचं बीपी ५ पॉइंट उतरलं तर हार्ट अटॅक, पॅरालिसिस असल्या मोठ्या घटना साधारण १० टक्क्यांनी कमी होतात असं निघालं. म्हणजे सहा हा आकडा फुकटात मिळत असेल तर मी घेणार.

गोळीचं मात्र वेगळं आहे. ह्याच सहा-आठ आकड्यांवरून लोक म्हणतात की एक गोळीही तेवढंच उतरवते, मग गोळी कशाला. आकडा सारखा दिसला तरी गोळीमागे हजारो माणसांवर वर्षानुवर्षं केलेल्या चाचण्या आहेत, ज्यात नुसतं बीपी नाही तर किती जणांना झटका आला, किती जण वाचले हे मोजलंय. भिंतीला टेकण्यावर अशी चाचणी झालेली नाही. तिच्यावरचे अभ्यास त्या मोठ्या पेपरमध्येही एरोबिकच्या मानाने मोजकेच होते आणि बहुतेक आठवड्यांत संपणारे. शिवाय हा व्यायाम थांबवला की काही आठवड्यांत बीपी पुन्हा मूळ पदावर येतं, आणि लग्न, गावची जत्रा, दिवाळी, मुलांच्या परीक्षा ह्यात व्यायाम थांबतोच थांबतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी खरोखरच गोळी सोडली होती, भिंतीसाठी नव्हे, कसल्यातरी काढ्यासाठी, त्यांचं तोंड वाकडं झालं तेव्हा आम्हीच त्यांना खाली रिक्षात घातलं. त्यावर जास्त लिहायची इच्छा नाही. सरासरी खरंच उतरली तर कागद डॉक्टरांपुढे ठेवा, डोस कमी करायचा तर ते करतील. आणि ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात म्हणून गुपचूप बंद करणारे खूप आहेत (आई त्यातलीच होती), त्यांनीही तेच सांगावं, दुसरी गोळी बदलून मिळते, हा काही गुन्हा नाही.

कोणी करू नये तेही सांगतो. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी ते औषधाने आणा, व्यायाम नंतर. अलीकडे हार्ट अटॅक, पॅरालिसिस झालेला, महाधमनीला फुगवटा असलेला, डोळ्याच्या पडद्याचा त्रास चालू असलेला, हर्निया असलेला माणूस, ह्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. करताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे काळं आलं तर तिथेच सोडा, राउंड पूर्ण करायचा हट्ट नको. ठोके बघून कोन ठरवणाऱ्यांनी लक्षात ठेवा की ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ठोके एरवीसारखे वाढत नाहीत, मग घड्याळावर विसंबण्यात अर्थ नाही, बोलता येतंय का हेच बघायचं.

‘मग प्लँक चालेल का’ हे मला हमखास विचारतात. प्लँकही आयसोमेट्रिकच, पण बीपीसाठीचा अभ्यास मुख्यतः भिंत, हाताची ग्रिप आणि मशीनवर पाय ताणून धरणं ह्यांचा आहे, आणि प्लँकमध्ये नवखा माणूस हमखास श्वास कोंडतो. उत्कटासन म्हणजे जवळजवळ भिंतीशिवायची हीच खुर्ची, पण योगाच्या क्लासात ते अर्धा मिनिट धरतात आणि पुढच्या आसनाला जातात. शीर्षासनाचं तर नावच काढू नका, ते बीपीवाल्यांना योगशिक्षकच करू देत नाहीत. आणि चालणं सोडायचं नाही. त्या २७० चाचण्यांतही खालच्या बीपीसाठी पळणंच सगळ्यात वर होतं, शिवाय साखर, वजन, झोप, डोकं शांत राहणं हे भिंत देत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये डोंबिवलीत चालायला जाऊन दाखवा, एका बाजूला खड्ड्यातलं पाणी, दुसऱ्या बाजूला रिक्षा, फूटपाथवर भाजीवाले. तेव्हा घरातली भिंत बरी पडते एवढंच तिचं खरं कौतुक. भारतात वीस वर्षांवरच्यांपैकी साधारण ३५ टक्के लोकांना बीपी आहे असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या मोठ्या पाहणीत निघालं, ह्यातल्या किती जणांच्या घराजवळ चालायला जागा आहे सांगा.

मिठाचं थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, एक चहाचा चमचा. आमच्याकडे भाजीत मीठ कमी झालं, पण बाजूला लोणचं, पापड, मिसळीवर मूठभर फरसाण हे चालूच होतं, तर ते मोजायला लागलो.

राहिला आठवड्यातून तीनच्या जागी रोज केलं तर लवकर उतरेल का हा प्रश्न. काही चाचण्यांमध्ये आठवड्याचे पाच दिवसही करून बघितलंय, पण तिथे धरायची वेळ आणि जोर वेगळा होता. चार गुणिले दोनवाला प्रकार करायचा तर सोमवार, बुधवार, शुक्रवार पुरे. मांड्यांनाही मधे एक दिवस पाहिजे, नाहीतर मंगळवारी ब्रिजचे जिने चढताना कळतं.